वर टाकलेलं गणित

क्लासच्या सरांनी माझ्या मुलीला फसवलं. बारावीला गणित लागत नाही असं सांगून त्यांनी तिचं गणित काढून घेतलं, आणि तिला जिथे जायचं होतं तिथे गणिताशिवाय कुणी दारात उभं करत नाही. झालं ते एवढंच. पुढचं लिहिते आहे ते कसं झालं हे नीट कळावं म्हणून. घरात आणि बाजारात ज्याला त्याला तोंडी सांगून आता मला कंटाळा आला आहे.

मी पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकते. माहेर उरणजवळच्या मोरा बंदरातलं. लग्न होऊन आले तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरत होते, मग रस्त्याच्या कडेला बसायला लागले, आता स्वतःचा गाळा आहे. या सगळ्यात मला कुणी काही दिलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं. बोंबील ओले राहिलेत की नीट वाळलेत हे मी पिशवी न उघडता सांगते, आणि समोरचा माणूस कितीला तुटेल हे त्याच्या चपलांकडे बघून. म्हणून मला कुणी फसवलं असं कळलं की बाजारात लोक आधी हसतात. हसू देत.

मुलीला जहाजावर जायचं आहे. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं नाही. सुट्टीत मोऱ्याला गेली की धक्क्यावर बसून बंदरात शिरणारी मोठी जहाजं बघायची. बाकीची पोरं लाँचवर चढायला धावायची, ही विचारायची, "एवढं मोठं वळवतं कोण?" तिचे वडील बंदरातल्या यार्डात कंटेनरच्या गाड्या चालवतात. ते म्हणायचे, "वळवणारे वेगळे, उतरवणारे आमी." नववीत असताना तिने ठरवलं की आपण वळवणाऱ्यांत जायचं. मुलीही जातात आता. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मी पाटी घेऊन एकटी फिरले होते, ती जहाज घेऊन फिरेल.

दहावी झाल्यावर सगळ्यांनी सांगितलं, सायन्स घ्यायचं तर टाय-अपवाल्या क्लासला घाला. म्हणजे नाव एका आडवाटेच्या कॉलेजात आणि शिकायचं पनवेलच्या क्लासमध्ये. कॉलेज आम्ही प्रवेशाच्या दिवशी पाहिलं, नंतर प्रॅक्टिकलपुरतं. अकरावीला तिने गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतले. क्लासमधल्या बाईच म्हणाल्या, "मॅडम, दोन्ही राहू द्या, सगळे दरवाजे उघडे राहतात." प्रवेश होईपर्यंत मी मॅडम होते.

अकरावी संपली आणि क्लासमधून बोलावणं आलं. बारावीचे विषय ठरवायचे, पालकांनी यावं. दिवस आगोटीचे होते. आमच्याकडे पावसाळ्यात ताजी मासळी बंद, म्हणून लोक एप्रिल-मे महिन्यात चार महिन्यांची सुकी मासळी भरून ठेवतात. त्या दिवसांत मला गाळ्यावर बसून पाणी प्यायला फुरसत नसते. तरी नणंदेला गाळ्यावर बसवून मी गेले. कपडे बदलायला घरी, विचुंब्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं, अंगाला मासळीचा वास तसाच. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे न बघता खिडकी उघडली. माझी मुलगी कानात म्हणाली, "आई, प्लीज, आत जाऊन भांडू नकोस."

"मी कशाला भांडू? सौदा करायचाय."

"तेच गं ते."

सर तरतरीत माणूस. टेबलावर मुलीचे अकरावीचे मार्क ठेवलेले. ते म्हणाले, फिजिक्स चांगलं, बायो उत्तम, गणित मध्यम. गणित ठेवायचं असेल तर दुसऱ्या बॅचला बसावं लागेल. दुसऱ्या बॅचचं मला माहीत होतं. तिथे दर दोन महिन्यांनी शिकवणारा बदलतो, हे तिथली पोरंच सांगत. मी म्हटलं, माझी मुलगी पहिल्याच बॅचला बसेल.

"पहिली बॅच भरली, ताई."

"भरलेल्या गाडीत पण एक माणूस बसतो."

ते हसले. मग आमचं सुरू झालं. ते एक पाऊल मागे गेले की मी एक पुढे. मी उठून दारापर्यंत गेले, त्यांनी परत बोलावलं. मुलगी खाली मान घालून बसली होती. शेवटी सर म्हणाले, ठीक आहे, पहिल्या बॅचमध्ये घेतो, पण गणित सोडायचं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, आणि गणिताच्या जागी भूगोल. भूगोलात मार्क पडतात, टक्का वर जातो.

मी सरळ विचारलं. "हिला जहाजावर अधिकारी व्हायचंय. त्याला गणित लागतं ना?"

"बारावीत नाही लागत," ते म्हणाले. "प्रवेश परीक्षेत थोडं येतं. आणि जहाजावर जायचं म्हटल्यावर भूगोल तर हवाच, ताई! समुद्र, वारे, नकाशे, सगळं त्यातच."

मी हसले. बोलणं पटण्यासारखं होतं. तरी पुन्हा विचारलं, "नक्की लागत नाही?"

"आमचं रोजचं काम आहे हे."

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, तोलून झाले की गिऱ्हाईक म्हणतं, वर काय टाकता? मग आम्ही जवळ्याची, त्या बारीक स्वस्त मासळीची, एक मूठ वर टाकतो. ती मूठ कुणी तोलत नाही, तिचा वास कुणी घेत नाही. फुकटात आली म्हणून गिऱ्हाईक खूश. त्या मुठीत गेल्या वर्षीचा जवळा असतो हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. मीही त्या दिवशी सवयीने विचारलं, "वर काय देता?" सर म्हणाले, "चला, तुमच्यासाठी. प्रवेश परीक्षेचं गणित हिला दर रविवारी वेगळं शिकवू." मला वाटलं, मी बॅचही मिळवली आणि गणितही. जो जिन्नस घ्यायला मी गेले होते तोच त्यांनी काट्यावरून उचलला आणि मूठभर करून वर टाकला. एवढ्या वर्षांत मी किती गिऱ्हाइकांना असं केलं असेल, पण जिन्नस कधी बदलला नाही. सोडे मागितले त्याला सोडेच दिले.

रविवारचं गणित काही दिवस झालं. मग शिकवणाऱ्या सरांचं लग्न निघालं. मग टेस्ट सिरीज सुरू झाली. मग कुणी विचारेना आणि मुलगीही बोलेना. मी विचारलं की म्हणायची, "होईल गं." ती माझ्यावर गेलेली नाही. मागायला लाजते.

दिवाळीच्या सुट्टीत ती गाळ्यावर बसली होती. मोऱ्याचा एक माणूस सोडे घ्यायला आला. तो मोठ्या जहाजांवर अधिकारी आहे, सुट्टी संपवून परत चालला होता. जाताना दरवेळी माझ्याकडून सोडे नेतो. मी कौतुकाने सांगितलं, आमची मुलगीही तुमच्या मार्गाला लागणार. तो खूश झाला. तिला म्हणाला, "अरे वा! मग फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स कसं चाललंय?"

"मॅथ्स नाहीये, दादा. जॉग्रफी घेतलंय."

त्याने पिशवी खाली ठेवली. "बारावीत मॅथ्स नाही?"

"एन्ट्रन्सपुरतं करणारे."

"अगं, एन्ट्रन्सचं सोड. बारावीच्या मार्कशीटवर मॅथ्स नसेल तर अर्जच घेणार नाहीत. पहिली अट आहे ती." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काकी, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मुलगी उठली आणि आतल्या बाजूला गोणींपाशी जाऊन उभी राहिली. मी सोडे तोलत होते. काय तोललं ते मला आठवत नाही. त्याने नंतर फोन करून सांगितलं की जास्त भरलेत.

रात्री तिच्या वडिलांना सांगितलं. ते थकून आले होते. जेवता जेवता थांबले. "लिवून घेतलंस का त्याच्याकडून?"

"बाजारात कोण लिहून घेतं?"

"त्यो बाजार नाय ना पण."

ते खरं होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. सरांनी बाजारासारखा सौदा केला होता, बाजारासारखं मागेपुढे झाले होते, आणि बोललेलं पाळायची वेळ आल्यावर ते शिक्षणक्षेत्र झालं.

बोर्डाचे अर्ज तोवर जाऊन चुकले होते. मी आधी कॉलेजात गेले. तिथला कारकून म्हणाला, "क्लासने जे विषय कळवले ते आम्ही भरले. आता काही होणार नाही." मग क्लासला गेले. मुलीला बरोबर नेलं. तिला यायचं नव्हतं, पण ज्याचं नुकसान त्याने समोर असावं असं माझं मत.

सरांनी आधी आठवतच नसल्यासारखं केलं. मग म्हणाले, "मावशी, पहिल्या बॅचचा हट्ट तुमचाच होता." आता मी मावशी झाले होते.

"बॅचचा हट्ट माझा. गणित लागत नाही हे वाक्य कुणाचं?"

"बायो घेतलं की मेडिकल खुलं राहतं. मुलीसाठी ते जास्त चांगलं, असा विचार—"

"मुलीसाठी काय चांगलं ते मी विचारलंच नव्हतं. गणित लागतं का, एवढं विचारलं होतं. दोनदा."

माझा आवाज चढला. बाहेर रांगेत बसलेले पालक आत वाकून बघायला लागले. सरांनी उठून दार लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, मार्ग आहे. बारावी होऊ द्या. पुढच्या वर्षी फक्त गणिताची परीक्षा वेगळी देता येते. वर्ष थांबलेल्या मुलांची आमची ड्रॉपर बॅच आहे त्यासाठी. तुम्हाला फीमध्ये सवलत देतो. किती ते तुम्हीच सांगा."

स्वतःच काढून घेतलेलं गणित सर मला पुन्हा विकत होते, आणि भाव मला करायला सांगत होते. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासमोर कुणी "तुम्हीच सांगा" म्हटलं आणि मी गप्प बसले, असं झालेलं नाही. त्या दिवशी बसले. राग नव्हता असं नाही, पण त्याच्याही खाली एक असा थकवा होता की जीभ उचलेना. मी मुलीचा हात धरला आणि बाहेर आले.

एसटी स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. पुलापाशी याच क्लासचा मोठा फलक आहे, पहिल्या बॅचच्या मुलांचे फोटो आणि गणितातले मार्क. तेव्हा मला उलगडलं. मध्यम गणिताचं मूल पहिल्या बॅचमध्ये गणिताला बसलं असतं तर त्या फलकाचं तेज कमी झालं असतं. नंतर बाजारात एका कापडवाल्याने सांगितलं, त्याच्या मुलीला आर्किटेक्ट व्हायचं होतं. तिलाही हेच सर म्हणाले होते की त्याला चित्रकला लागते, गणित नाही.

रिक्षात बसल्यावर मुलीने विचारलं, "आई, मला गणित खरंच झेपलं नसतं का?"

"कोण म्हणालं?"

"सर. तू उठून दारापर्यंत गेली होतीस ना, तेव्हा. म्हणाले, आईला समजव, तुझ्याच्याने गणित होणार नाही, उगाच तोंडावर पडशील. म्हणून मी काही बोलले नाही."

मी दारापर्यंत जाऊन परत यायला कितीसा वेळ लागला असेल? तेवढ्यात त्यांनी ते उरकलं होतं. माझ्याशी सौदा करताना त्यांनी माझ्या मालाला माझ्या पाठीमागे नावं ठेवली, आणि ती मालानेच ऐकून घेतली.

आता फेब्रुवारी चालू आहे. तिचे प्रॅक्टिकल झाले, लेखी परीक्षा तोंडावर आहे. भूगोलात तिला चांगले मार्क पडतील. वारे, प्रवाह सगळं पाठ आहे. पुढच्या वर्षी ती एकट्या गणिताची परीक्षा देणार, म्हणजे वर्ष गेलं. ते परत येणार नाही हे मी मान्य केलंय. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा ती गाळ्यावर बारावीचं गणिताचं पुस्तक उघडून बसते. उदाहरण सुटतं. मग ती उत्तर बघते, बरोबर असतं, आणि तरी खोडते आणि पुन्हा करते. मी म्हणते, "अगं, आलं की बरोबर." ती म्हणते, "चुकून आलं असेल."

सर, तुमच्या फीची सवलत मला नको. दिलेली फीही परत मागायला मी आलेली नाही, येणारही नाही. पण त्या दिवशी मी दाराकडे वळले तेव्हा तुम्ही एका सोळा वर्षांच्या मुलीला जे बोललात, ते कशावरून बोललात? तिचा एक तरी पेपर उघडून बघितला होता? मला उत्तर देऊ नका, माझ्याशी तुम्ही पुन्हा घासाघीस कराल. माझ्या गाळ्यावर या, तिच्यासमोर बसा आणि तिला सांगा.