टाकीचं बूच
पेट्रोलचा वास आला की दुष्काळाच्या सालातलं मोहोळजवळचं ते ऊन आठवतं. मागच्या सीटवर आईला धाप लागलेली, सोलापूरचा दवाखाना लांब, आणि आमची जुनी मोटार दर दोन मैलांवर दम सोडायची. मी प्लग पुसले, कार्बोरेटर फुंकला, शेवटी बॉनेटवर डोकं आपटलं. एक ट्रकवाले चाचा थांबले आणि त्यांनी आधी पेट्रोलची टाकी बघितली. झाकण हरवल्यावर पेट्रोल उडू नये म्हणून मीच तिथं सायकलची ट्यूब गुंडाळून बूच ठोकलं होतं. त्यांनी ते उपसलं, तशी टाकीनं सूं करून हवा आत ओढली. "वारा आत गेल्याबिगर पेट्रोल उतरंल कसं, बेटा?" म्हणत त्यांनी टाकीच्या तोंडाला नुसती चिंधी बांधली. मोटार पळाली, पण आईनं सोलापूरच्या वेशीतच प्राण सोडला. अजूनही पंपावरचा माणूस "झाकण घट्ट लावू का?" विचारतो, तेव्हा मी खाली उतरतो, झाकण हातात घेऊन त्यात हवेला वाट आहे का ते आधी बघतो.