भज्यांचं तेल

आज तेल तापत असताना आमच्या कढईचा तळ मला स्वच्छ दिसला. भज्यांची गाडी वीस वर्षं मी चालवली, पण तो कधी दिसला नव्हता. काळं पडलेलं तेल मी टाकलंच नाही. त्यातच रोज नवं ओतत राहिलो. आता गाडी लेक चालवते. पहिल्याच दिवशी तिने ते तेल काढून कढई घासली. "बाबा, हे लोकांच्या पोटात जातं," एवढंच म्हणाली.

जीभ लगेच वाहवा करते. आतडी मुकाट सोसतात, आणि त्यांचं दुखणं ऐकायला तळणारा जवळ नसतो. मी तर ऐकूनही हसण्यावारी नेलं. समोरचे शिंपीकाका म्हणायचे, "तुझी भजी खाल्ली की दिवसभर जळजळ." मी म्हणायचो, "काका, वय झालं तुमचं!" शेवटी त्यांनी भजी सोडली.

आज ते लेकीकडून दुसरी प्लेट मागून घेत होते. "पोट गप्प आहे हो! हिला हे शिकवलं कुणी रे?"

"मी नाही," मी म्हणालो. ते सांगताना जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या भज्यांचा कधी वाटला नव्हता.