कागदी ड्रॅगनच्या पोटात
नातीनं पतंगासाठी कणकेची खळ शिजवली आणि त्या वासानं माझी पाठ आखडली. खामगावच्या शाळेत चीनचा धडा शिकवताना बाईंनी आमच्याकडून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर अशाच खळीनं रंगीत कागद चिकटवून लांबलचक ड्रॅगन करून घेतला होता. "तिकडे हा पाऊस आणतो," त्या म्हणाल्या होत्या. तो पुरा होईतो चीनशी लढाई पेटली, तरी बाईंनी ठरलेला नाच करवलाच. आम्ही पोरं ड्रॅगनच्या पोटात शिरून पटांगणात नाचत असताना फाटकातून काठ्या घेऊन माणसं घुसली. "हाना बे चीनले!" "आत लेकरं आहेत हो!" बाई किंचाळत राहिल्या. कागद फाटला, पऱ्हाट्या मोडल्या, पुढच्या पोराचं रक्त माझ्या तोंडावर उडालं, माझ्या पाठीत काठी बसली. माझ्यावर पुन्हा काठी उगारणारा माणूस मला फाटक्या कागदातून दिसला. "बाबा, मी आहो!" मी ओरडलो. त्यांनी मला ओळखलं. काठी तरीही खाली आली.