दोन झाकणं ब्रँडी

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला ठाऊक नाही, मुलींना ठाऊक नाही. मध्यंतरी माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ऑपरेशनपेक्षा मला धास्ती होती ती भुलेची — भुलेत काही बरळलो तर? शुद्धीवर आल्यावर नर्सला आधी तेच विचारलं, मी काही बोललो का? ती हसून म्हणाली, पाणी मागत होतात. मला केवढं हायसं वाटलं! आणि मग दिवसभर स्वतःचीच शिसारी येत राहिली.

तर — ब्रँडीपासून सुरुवात करतो. तुम्ही म्हणाल, हा माणूस आडवळणाने चाललाय. चाललोय खरा. सरळ बोलायची छाती असती तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

आमच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती, पण ब्रँडी ही दारूत धरली जात नव्हती. ती औषधात. छाती भरली की आई ब्रँडी चोळायची, फारच झालं तर चमचाभर मधात घालून चाटवायची. थंडी भरली, भोवळ आली, म्हातारं माणूस गार पडायला लागलं — ब्रँडी. तुमच्याही घरी असेल एखादी बाटली, फडताळात, कापसात गुंडाळलेली. माणूस गार पडला की त्याच्या तोंडात दोन थेंब घालायचे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते माहीतच होतं. म्हणून माझ्या हातून जे पहिलं घडलं त्यात वाईट काही नव्हतं. एवढं एक मी माझ्या बाजूने धरून ठेवलंय.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं उलटली असतील. मुलुंडला एका शेडमध्ये आमचा छोटा कारखाना होता, लोखंडी कपाटं आणि खुर्च्या बनवण्याचा. मी तिथे स्टोअरकीपर. नट-बोल्ट, रंगाचे डबे आणि मालकांच्या केबिनमधल्या कपाटाची चावी, एवढं माझं राज्य. मालकांना आम्ही साहेब म्हणायचो. मोजकीच माणसं कामाला, म्हणून विमा वगैरे भानगड नव्हती. कुणाला काही लागलं-खुपलं तर भरपाई साहेबांनी द्यायची, असा कायदा.

ही नोकरी मला दत्तूदादामुळे लागली होती. दत्तूदादा आमच्याच गावचा, कणकवलीकडचा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. कारखान्यातली सगळी दुरुस्ती त्याच्याकडे. गळ्यात तुळशीची माळ. दिवाळीला साहेब पार्टी द्यायचे तेव्हा हा कोपऱ्यात बसून पापड खायचा. आम्ही त्याची टर उडवायचो — बुवा, निदान थंडा तरी घ्या! तो ग्लास हातात घ्यायचा, आधी हुंगायचा आणि मगच तोंडाला लावायचा. साधा सोडा हुंगून पिणारा माणूस तो.

मे महिना होता. शेडचे दोन-तीन पत्रे तडकले होते, ते पावसाआधी बदलायचे होते. सिमेंटचे पत्रे होते ते. त्यांच्यावर पाय द्यायचा तर पायाखाली आडवी फळी टाकावी लागते, नाहीतर पत्रा पापडासारखा मोडतो. आमच्या फळ्या साहेबांच्या घरी रंगकाम चाललं होतं तिकडे गेल्या होत्या. दत्तूदादाने फळ्या मागितल्या — माझ्यासमोर मागितल्या. साहेब म्हणाले, "अरे, बोल्टच्या रेघेवरून चाल ना, तिथे खाली लोखंड असतं. काय होत नाही." म्हणून सुट्टीच्या दिवशी, मशीनं बंद असताना, दत्तूदादा एकटा वर चढला. खाली मी आणि वॉचमन.

आवाज मोठा नव्हता. पत्रा मोडल्याचा कडकन झाला, आणि मग काहीतरी मऊ पडल्यासारखा. मी धावत गेलो. दत्तूदादा उताणा पडला होता, डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हते. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. वॉचमनला मी टॅक्सी आणायला पिटाळलं. हात धरला तर गार. मग मी केबिनमध्ये धावलो, कपाट उघडलं. साहेब पाहुण्यांसाठी एक बाटली ठेवायचे. बाटलीच्याच झाकणाने मी दत्तूदादाच्या तोंडात ब्रँडी घातली. दोन झाकणं. अर्धी शर्टावर सांडली. त्याच्या घशाची गाठ हलली, एक घोट आत गेला, आणि मला वाटलं — वाचवला. खरंच तसं वाटलं हो. आनंदाने रडू फुटलं मला.

इस्पितळात डॉक्टर त्याच्यावर वाकला आणि झटकन मागे झाला. "प्यायलाय?" हे त्याने मला विचारलं. मी तोंड उघडणार तोच तो नर्सला म्हणाला की बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतलं तर ते छातीत उतरतं, मरतो माणूस. माझी जीभ आतच राहिली. मीच मारलं की काय याला? डॉक्टर माझ्याकडे बघत होता. मी खाली बघितलं. त्याने जे समजायचं ते समजून लिहून टाकलं.

मी पाजली, पडल्यानंतर. एवढंच तर बोलायचं होतं ना?

दत्तूदादा जगला. खुबा मोडला होता, डोक्याला मार होता. तो दिवस त्याच्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. सकाळी घरून निघाला इथपर्यंत आठवत होतं. पुढे काही नाही. शिडी नाही, पत्रा नाही, काहीच नाही.

आणि मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. माझ्यासाठी साहेबांनी चहा मागवायची ती पहिली वेळ, आणि मला तेव्हाच काहीतरी खटकलं. कपाट उघडंच होतं. बाटली समोर. साहेब तिच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"चावी तुझ्याकडेच असते ना?"

"हो साहेब."

"असू दे. तुझ्याकडेच असू दे. भरवशाचा माणूस आहेस." मग बशीत चहा ओतत म्हणाले, "डॉक्टरने लिहिलंय ना, झालं तर मग. आपण कशाला आणखी काही सांगा?"

त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. एक वाकडा शब्द त्यांनी काढला नाही, धमकी दिली नाही. मी तो चहा प्यालो, गरम होता तरी घटाघटा प्यालो. त्या दिवसापासून ती चावी खिशात असली की मला मांडीला जाणवायची. काहीतरी येणार आहे असं सारखं वाटायचं, आणि ते येत नव्हतं. साहेब जाता-येता माझी चौकशी करायचे. घरी सगळं ठीक ना रे? ठीक नव्हतंच. गिरण्या बंद, मोठा भाऊ घरी बसलेला, माझ्या पगारावर सात माणसं. साहेबांना हेही माहीत होतं.

माणूस दारूच्या अमलात असताना काही झालं तर मालकाने भरपाई द्यायला नको, असं कलम आहे. साहेबांचा वकील ते अगदी हळू आवाजात सांगायचा, सांत्वन करावं तसं. कामगार कचेरीत वहिनी आली होती, दत्तूदादाची बायको. तिच्या बाजूने युनियनचा एक माणूस उभा होता. तो चांगला भांडला. म्हणाला, हा माळकरी आहे, शेजारीपाजारी कुणालाही विचारा. मग तो माझ्याकडे वळला — तुम्ही होतात तिथे, त्याच्या तोंडाला वास येत होता का?

मी म्हणालो, "येत होता."

बघा ना, शब्दही खोटा नाही यात! येतच होता वास. युनियनचा माणूस क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने आपली पिशवी उचलली. दारू म्हटल्यावर फळ्यांचं कुणी विचारलंच नाही. साहेबांनी माणुसकी म्हणून काहीतरी दिलं, मिळायला हवं होतं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं. वहिनीने समेटाच्या कागदावर अंगठा दिला आणि साहेबांना हात जोडले. जाताना मला म्हणाली, तुम्ही होतात म्हणून माझं माणूस हातात आलं. पुढच्या दिवाळीत मी सुपरवायझर झालो.

इथवर ऐकून तुम्ही कदाचित म्हणाल, घाबरलास, पोटाचा प्रश्न होता, कोण नाही घाबरत? मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण मला जे सांगायचंय ते हे नाही. ते अजून आलेलं नाही. सारखा मी त्याच्या जवळ जातो आणि मागे फिरतो.

दत्तूदादा घाटकोपरला डोंगरावर राहायचा, पायऱ्या पायऱ्यांच्या वस्तीत. समेट झाल्यावर मी त्याला भेटायला गेलो. जायचं मनात नव्हतं, त्यानेच निरोप धाडला होता. खोलीत तो एकटाच, पाय लांब करून भिंतीला टेकलेला. वहिनी पाण्याला गेली होती. मला बसायला सांगितलं, गावाकडची विचारपूस केली. मग म्हणाला,

"मन्या, माका कायच आठवणा नाय रे. तू माझ्यावांगडा होतंस. मी खरोखर प्यालंय काय?"

त्याला राग नव्हता. तो भांडत नव्हता. साहेबांबद्दल, भरपाईबद्दल चकार शब्द नाही. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. स्वतःबद्दल, मला विचारत होता! मी तिथे होतो म्हणून. मी त्याचा माणूस म्हणून.

त्या खोलीत साहेब नव्हते. वकील नव्हता. समेट झालेला होता, कागद बदलणार नव्हते, माझी नोकरी जाणार नव्हती. त्याच्या कानात मी खरं सांगितलं असतं आणि म्हटलं असतं, दादा, हे तुझ्यापाशी ठेव — तर त्याने ठेवलं असतं. मरेपर्यंत ठेवलं असतं. मला कशाचीही भीती नव्हती. हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय. फक्त एकच होतं: मी त्याच्या नजरेतून उतरलो असतो. एवढ्यासाठी — एवढ्याचसाठी —

मी म्हणालो, "होता दादा असा कधी कधी. उन्हाचा तरास झालो असतलो. माणसाक कळणा नाय."

हे मी बोललो, म्हणजे हो, प्यायला होतास, असंच. त्याच्याच भाषेत बोललो, मायेने, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून.

तो नुसता मान हलवत राहिला, हिशेब लागल्यासारखा. मग दोन्ही हात मानेमागे नेऊन त्याने माळ काढली. घाईने नाही, अगदी सावकाश, कानात अडकू नये म्हणून जपून. माझ्या हातात दिली. म्हणाला, माझ्याने आता डोंगर उतरवत नाही, तू खाडीत सोड. ती त्याच्या अंगाने गरम झाली होती. मी "बरं" म्हणालो. तेव्हाही बोलता आलं असतं, पायऱ्या उतरताना परत फिरता आलं असतं. मी मुलुंडच्या खाडीपर्यंत गेलो आणि सोडली.

त्यानंतर तो वीसेक वर्षं जगला, काठी टेकत, घरात बसून. भजनाला गेला नाही. शेजारचे बोलवायला यायचे, तर म्हणायचा, माझे हात बाटले. दारूचा थेंबही कधी घेतला नाही आणि तरी स्वतःला प्यायलेला माणूस समजत राहिला. मी सणासुदीला जायचो, मिठाई न्यायचो. तो मला जवळ बसवायचा, आणि मी बसायचो.

तो गेला. तेराव्याला जेवणं उरकल्यावर वहिनी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. मी त्यांना शेवटपर्यंत सांगत होते, तुम्ही पिणारे नाही, काहीतरी चूक झालीय. सगळी वस्ती सांगत होती. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. म्हणायचे, "सगळी माका बरा वाटाचा म्हणान तसा बोलतत. खरा काय ता एकट्या मन्यान सांगल्यान."

एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान डोलावली.