चिन्हावरचा रुमाल

त्या रुमालाचा मला अजून राग आहे. पांढुर्ण्यात आमच्याकडे फोन लागला, तेव्हा त्यावरच्या कंपनीच्या चिन्हात कान लपलाय, रिसीव्हर ठेवला तरी तो ऐकतो, असं सारा मोहल्ला सांगायचा. आईनं चिन्हावर भरतकामाचा रुमाल टाकला. बाबा दटावायचे, "हळू बोल, तो ऐकून राहिला."

मला बघून गेलेल्या सौंसरच्या मुलाकडच्यांनी फोनवर नकार कळवला. आम्ही कोणालाच सांगितलं नाही, तरी संध्याकाळी भाजीवाली माझी कीव करत होती. कॉल जोडणारा एक्सचेंजचा ऑपरेटर आमच्याच गल्लीत राहायचा. मी रुमाल भिरकावला. आईनं तो झटकून परत नीट पांघरला.

ट्रंक कॉल लवकर लागावा म्हणून संत्र्याची पहिली टोपली त्या वर्षीही ऑपरेटरकडेच गेली. द्यायला मलाच पाठवलं.