वकिलांच्या गाडीतली टिकटिक

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, गाड्या कानाने दुरुस्त करायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आतलं दुखणं त्यांना कळायचं. त्या कानावरच घर चालायचं. मला तर ते हिंग लावूनही विचारत नसत.

एकदा वकिलांची गाडी आली. जुन्या धाटणीची. झडपा उघडणारे दांडे इंजिनाच्या डोक्यावर, आणि त्यांना तेल रोज हाताने घालायचं. वकील विसरायचे, दांडे कोरडे पडले की टिकटिक सुरू. भावोजींनी शक्कल लढवली. खालच्या तेलाच्या पंपापासून दांड्यांपर्यंत तांब्याची नळी नेली. तेल आपोआप वर चढू लागलं, पण तेलाच्या दाबाचा काटा धपकन खाली आला. ही काय नवी भानगड, म्हणून ते डोकं धरून बसले. मग उमजलं, नळी रुंद होती, सगळं तेल तिकडेच पळत होतं. नळीच्या तोंडाशी बारीक भोकाची चकती बसवली. काटा जागेवर आला.

"टिकटिक आहेच," भावोजी म्हणाले.

मला काही ऐकू येईना. वकिलांनाही नाही. ते खुशीत गाडी मागत होते आणि भावोजी देईनात. वरचं झाकण उघडलं, तर दांडे तेलाने न्हालेले. दांडे आणि झडपांमधल्या फटी मोजल्या, बरोबर. नळी बदलली. इंजिन चालू केलं, पुन्हा तेच.

"भावोजी, साप साप म्हणून भुई धोपटताय उगाच."

"तुला कान आहेत का?"

मला राग आला, आणि शंकाही. त्यांचा कान कधी चुकला नव्हता. मग माझेच गेले की काय? मी आत जाऊन भिंतीवरच्या घड्याळाला कान लावून आलो. ते तर नीट ऐकू येत होतं. मग खरं कोणाचं?

शेवटी ताई हात पुसत बाहेर आली. बराच वेळ ती त्यांच्याकडेच बघत राहिली, इंजिनाकडे नाही.

"आता ऐका," म्हणत तिने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. त्याचा पंखाही थांबला.

भावोजी कान लावून तसेच वाकलेले. "येतेय," ते म्हणाले. "उलट जास्तच स्पष्ट." मग त्यांनी मान वर केली. "बंद केलंस ना तू?"

ताईने काढलेली किल्ली दाखवली. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी तेलकट हातांनी दोन्ही कान गच्च झाकले.

"तरी येतेय गं," ते म्हणाले.