ब्रेनन मिसचे आजोबा

परवा नातीने आयर्लंडहून व्हिडिओ कॉल केला. कॉर्क नावाच्या शहरात फिरायला गेली होती. ते नाव कानावर पडलं आणि मला एकदम ब्रेनन मिस आठवल्या... साठ-पासष्ट वर्षं झाली असतील.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. राहायला चिंचपोकळीला चाळीत, वडील गिरणीत. मॅट्रिक झाल्यावर भायखळ्याला ब्रेनन मिसकडे टायपिंग शिकायला जायचे. मिस अँग्लो-इंडियन, पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्याच राहायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण टाइपरायटरवर बोटं अशी चालायची की बघत राहावं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. क्लासच्या खिडकीखालून मोर्चे जायचे, त्यात बऱ्याचदा माझे वडीलही असायचे. एकदा खिडकीशी उभ्या असताना मिसनी मला विचारलं, मुंबई तुमची झाली की आम्ही कुठे जायचं? रागाने नाही, अगदी साधेपणाने.

त्यांचा धाकटा भाऊ इंग्रज गेले त्याच सुमारास इंग्लंडला गेला होता आणि आता बहिणीलाही बोलावत होता. पण ब्रिटिश पासपोर्टसाठी आजोबा तिकडचे होते याचा पुरावा हवा होता. मिसना एवढंच ठाऊक... नाव थॉमस ब्रेनन, तेव्हा ब्रिटनच्याच ताब्यात असलेल्या आयर्लंडहून आले, परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. आजीही त्यांच्याबरोबर बोटीने आली आणि तापाने लवकर गेली, असं घरात सांगत. दोघांचा एकही कागद नव्हता.

मग दर शनिवारी दुपारी आम्ही दोघी भायखळ्यातल्याच एका चर्चच्या ऑफिसात बसायला लागलो. मिसना ते बारीक अक्षर दिसायचं नाही, म्हणून वाचायचं काम माझं. बाप्तिस्म्याची आणि लग्नाची जुनी रजिस्टरं... पान उलटताना कागदाचा तुकडा हातात यायचा.

मी नावं वाचायचे, मिस मान हलवायच्या. चार शनिवार असेच गेले. पाचव्या वेळी माझ्या लक्षात आलं, की लिहिणाऱ्याने नावं कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलीत. मग मी 'ब्रेनन' सोडलं आणि त्याच्यासारखं काही दिसतंय का ते बघायला लागले.

सापडलं... 'थॉमस ब्रॅनम, फिटर, जन्म कॉर्क'. मुलगा विल्यम याचा बाप्तिस्मा. विल्यम म्हणजे मिसचे वडील. आईच्या जागी नुसतं 'मेरी'.

मिसनी माझा हात घट्ट धरला. खरं तर काम तिथेच झालं होतं. पण त्या म्हणाल्या, आलोच आहोत तर मेरीचं माहेरचं आडनाव काय ते पण बघू. म्हणून मी लग्नाचं रजिस्टर घेतलं आणि मागे मागे जात राहिले.

तीन वर्षं मागे नोंद मिळाली. मी वाचता वाचता थांबले.

"क्या लिखा है?" मिसनी विचारलं.

सांगावं की नाही, क्षणभर कळेना. मग वाचलं. वधू मेरी, पूर्वीचं नाव भागीरथी, राहणार परळ. सहीच्या जागी शाईची फुली होती.

मिसनी चाचपडत रजिस्टरच्या पानावर हात ठेवला. बाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं. मग म्हणाल्या, "फिर से बोलो. तुम्हारे घर में जैसा बोलते, वैसा."

मी सावकाश म्हटलं, भागीरथी. त्यांनी तीन-चार वेळा म्हणून पाहिलं... 'थी' काही नीट जमेना. डोळे पुसले, पण रडल्या नाहीत.

भावाला कळवलं तर त्याचं उलट टपाली पत्र आलं. बाप्तिस्म्याचा उतारा पुरेसा आहे, लग्नाचा जोडू नकोस. आजीबद्दल 'मेरी' एवढंच लिही. उगाच अर्ज अडायचा.

अर्ज मी टाइप करत होते. आजीच्या रकान्याशी आले आणि बोटं थांबली. आमच्या घरी नुकतीच धम्मदीक्षा झाली होती. एका रकान्यात काय लिहिलंय ते वाचून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे मी वडिलांबरोबर ऑफिसांमधून फिरताना पाहिलं होतं. मिसचं काम अडू नये, असं मला मनापासून वाटत होतं.

म्हणून मी म्हटलं, "मिस, नुसतं मेरी लिहू का?"

"नहीं. पूरा लिखो," त्या म्हणाल्या. "और परेल भी लिखो."

मी लिहिलं. लग्नाचा उताराही जोडला.

सात महिने काही उत्तर नाही. भावाने पत्रं बंद केली. मिस क्लास घेत राहिल्या, पण पोस्टमनची चाहूल लागली की त्यांची बोटं चुकायची... आणि त्यांची बोटं चुकलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

शेवटी पासपोर्ट आला. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आधीच्या थंडीत त्या बोटीने गेल्या. बॅलार्ड पिअरवर पोचवायला मी आणि वडील गेलो होतो. काही वर्षं नाताळला त्यांचं कार्ड यायचं, मग तेही थांबलं.

पुढे मी सरकारी ऑफिसात तीस वर्षं टायपिंग केलं, हजारो लोकांची नावं टाइप केली. 'नुसतं मेरी लिहू का' हे मी चांगल्या मनाने विचारलं होतं, तरी त्याची अजून लाज वाटते. मिसनी माझं ऐकलं नाही... याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.